बुगडीचा वाटा

मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८५९. चंपाषष्ठी. परभणी.

भरीत-रोडग्याचा दुसरा घास हातात होता आणि डॉक्टर दिनकरराव दारात उभे. सणाच्या दिवशी माणसांचा डॉक्टर ढोरांच्या डॉक्टरकडे आला, की एक तर त्याची घोडी लंगडत असते नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. घोडी ठीक होती.

"विष्णुपंत, मला एक शेळी पाहिजे. कातड्यासाठी."

"मग खाटकाकडे जा की."

"जिवंत पाहिजे. आणि नंतरही जिवंत राहिली पाहिजे."

माझ्या बायकोने, कावेरीने, त्यांच्यापुढे पान मांडलं. जेवता जेवता त्यांनी सांगितलं ते असं. ताडकळसच्या एका कुणब्याची सून नर्मदा दिवाळीनंतर दवाखान्यात आली आहे. वेचणीचा कापूस माजघरात आढ्याला टेकेपर्यंत भरलेला, त्यावर चिमणी कलंडली. सासू पायांनी अधू, आत अडकलेली. ही पोरगी आत शिरली, सासूला पाठीवर घेतलं आणि आगीतून चालत बाहेर आली. सासूच्या केसालाही धक्का नाही. हिची मात्र मान, छाती, उजवा हात, मांड्या, समोरचं सगळं भाजलं. पाठ तेवढी वाचली, कारण पाठीवर म्हातारी होती.

जीव वाचला, पण जखमा झाकत नाहीत. रोज पाझरतात आणि पोरगी रोज थोडी थोडी वाळते आहे. पाठीचं थोडं कातडं काढून डॉक्टरांनी मानेवर लावलं, ते छान धरलं. पण तिला झोपायला पाठच तेवढी उरलेली. ती सोलली तर असा ताप चढला की पुन्हा वस्तरा लावायची हिंमत त्यांना झाली नाही. परदेशात कुणी बेडकाचं, कुणी मेंढीचं कातडं लावून पाहिलं आहे, असं त्यांनी वाचलं आहे.

"उन्हाळ्याच्या आत झाकलं नाही तर ती जाईल," म्हणाले आणि भरीत परत मागितलं. या माणसाचं मला हेच आवडतं. मरणाबद्दल बोलताना आवाज पडत नाही आणि जेवताना लाज नाही.

सलोतरी, म्हणजे ढोरांचा डॉक्टर, म्हणून सरकारी रोजनामचा मी उर्दूत लिहितो. त्यात लाळ-खुरकत, फऱ्या, घटसर्प. ही शेळी त्यात बसणार नाही, म्हणून इथे.

मार्गशीर्ष शुद्ध ९

माणसांच्या दवाखान्यात गेलो. मला तिथला वास सोसत नाही. गोठ्याचा वास प्रामाणिक असतो.

नर्मदा वीस-बावीसची असेल. उजवा हात लाकडाच्या फळीला बांधलेला, नाही तर छातीला चिकटून आखडेल. डॉक्टर पट्टी सोडवत होते आणि ती छताकडे पाहून सासूला विचारत होती, "आत्याबाई, बापूनं दूध पिलं का हो?" बापू तिचं तान्हं पोर. पट्टी सोडवताना मी बैलांना हंबरताना ऐकलं आहे, आणि त्यात बैलांची चूक नसते. या पोरीचं धैर्य पाहून मला माझ्याच दाढदुखीची लाज वाटली.

सासू धुरपताबाई कोपऱ्यात बसलेली. कपाळभर कुंकू, जीभ चाबकासारखी. शेळीचं नाव काढताच वाटलं, आता आकांत करील. झालं उलटंच.

"डाक्टरसाहेब, माझी सून शेळीच्या दुधावर वाढलीय. माय बाळंतपणातच गेली तिची. जिचं दूध पोटात गेलं ती मायच की! मंग कोणतीबी शेळी कशाला? तिच्या दूधमायच्या वंशाचीच आणा. तिचंच धरंल."

नवरा चंद्रभान मागे उभा होता, तो म्हणाला, "हाय की. माझ्या सासुरवाडीला, पाथरीकडं, त्या शेळीच्या वंशाची शेळी हाय अजून. दोघींलाबी तिनंच..."

"गप ऱ्हाय तू," म्हातारी कडाडली, आणि तो गप्प झाला. दोघी कोण, हे विचारायचं राहून गेलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर हसले. म्हणाले, कुठलीही निरोगी शेळी चालेल, मग हीच का नको? मीही हसलो. पण खरं लिहायचं तर मला ते पटलं. दूध काय पोटातच राहतं? त्याचं रक्त होतं, हाड होतं. मनात आलं, म्हातारी पुस्तकापेक्षा पुढे असेल.

मार्गशीर्ष वद्य २

शेळी आली. काळी, उंच, कानाच्या टोकांवर पांढरे ठिपके, म्हणून नाव बुगडी. खरूज नाही, फाशी म्हणजे काळपुळीच्या रोगाची शंका नाही, डोळे लख्ख. मी तिला आमच्या ढोरांच्या दवाखान्याच्या अंगणात ठेवून घेतलं.

तिच्याबरोबर एक बाई आली आहे. पाथरीकडून इथवर पायी. कपाळ रिकामं, हात रिकामे, पदर नाकापर्यंत ओढलेला. गुराखीण असावी. मी विचारलं, "चंद्रभानची कोण तू?" तर म्हणाली, "कुणी न्हाई साहेब. शेळीसंगट आलेय." मी म्हटलं, शेळी ठेव आणि जा. ती गेली नाही. चिंचेखाली बसून राहिली.

शेळी मात्र तिची अशी ऐकते की माझ्या हाताखालच्या माणसांनी शिकावं. "बस गं" म्हटलं की बसते.

कावेरीने तिला भाकरी नेऊन दिली आणि तिथेच तिच्याशी बोलत बसली. आत आल्यावर मला विचारते, "ती बाई कोण आहे, नीट विचारलंत का?"

"गुराखीण आहे."

"बरं," म्हणाली. कावेरीचं 'बरं' म्हणजे मी मूर्ख आहे, हे मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं. या वेळी का मूर्ख ते कळलं नाही.

मार्गशीर्ष वद्य ४

आज पार पडलं. सकाळी बुगडीची कूस भादरली, साबण, स्पिरिट, मग बधिर करायची सुई. डॉक्टरांचा वस्तरा असा चालला, जसा कांद्याचा पापुद्रा निघावा. शेळीला कळलंही नाही. तिचं डोकं त्या बाईच्या मांडीवर होतं आणि ती पाला चावत होती. बाई मात्र तोंडात पदर कोंबून रडत होती. मी म्हटलं, "अगं, दुखत नाही तिला." तिने नुसती मान हलवली.

मिठाच्या कोमट पाण्यात कातडं घेऊन डॉक्टर अक्षरशः धावत निघाले. धोतर सावरत एवढा मोठा माणूस रस्त्याने पळतोय आणि मागे मी. कचेरीतले लोक उभे राहून बघत होते. बघोत.

दुपारी हातावर आणि छातीवर पट्ट्या लागल्या. नर्मदा मला म्हणाली, "सलोतरीसाहेब, बुगडीला लय लागलं का?"

"नाही. मजेत पाला खातेय."

"कोण घालायलंय पाला?"

"तुमच्या गावाकडची एक बाई आहे."

तिने डोळे मिटले. तिला गुंगी आली असावी.

मार्गशीर्ष अमावस्या. येळवस.

धरलं!

डॉक्टरांनी पट्टी उचलली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेळीचं कातडं गुलाबी झालेलं. बोटाने दाबलं की पांढरं, सोडलं की परत गुलाबी. म्हणजे पोरीचं रक्त त्यात खेळतंय. मी आयुष्यात पुष्कळ गाई सोडवल्या, पण अशी छाती भरून आली नव्हती. दिनकररावांनी माझा हात एवढा दाबला की अजून दुखतोय.

धुरपताबाईंनी शेतातून येळवसेच्या पूजेची आंबील मागवली होती. सगळ्या खाटांवर वाटली, मलाही दोन वाट्या. "म्हनलं नव्हतं का? दूध इसरत नसतंय," म्हणत होत्या. मी अंगणात येऊन बुगडीच्या बाईला सांगितलं. ती शेळीच्या गळ्यात पडली. त्या आनंदात मी बुगडीला गूळ दिला, जो मी माझ्या स्वतःच्या घोडीलाही देत नाही.

पौष शुद्ध ३

सगळं गेलं.

परवापासून कडा सुजल्या होत्या. काल रंग जांभळा झाला. आज पट्टीबरोबर कातडं निघून आलं, ओल्या कागदासारखं. खाली तीच लाल जखम.

डॉक्टर स्वतःला दोष देत आहेत. हात नीट धुतले नसतील, पट्टी घट्ट झाली असेल, पाणी उकळलं नसेल. मी म्हटलं, पाठीचं कातडं याच हातांनी, याच पाण्याने लावलं होतं, ते तर मजेत आहे. त्यांनी निघालेली पट्टी बादलीत टाकली. मग म्हणाले, "पुन्हा लावू."

हरलेला माणूस मी ओळखतो. हा तसा नाही.

पौष शुद्ध १३. संक्रांत.

तीळगूळ खाल्ला, गोड बोलायला जमत नाही.

त्याच बुगडीच्या दुसऱ्या कुशीचं कातडं घेतलं होतं. मी स्वतः पाणी उकळलं. डॉक्टरांनी हात इतके धुतले की कातडी सोलायची वेळ आली. आणि या वेळी ते रुजलंच नाही. गुलाबी झालंच नाही. पांढरंफटक पडलं आणि सुटलं. मागच्यापेक्षा किती तरी लवकर.

"शेळी तीच, जखम तीच, हात तेच," डॉक्टर म्हणाले. "मग या खेपेला तिचं अंग थांबलंसुद्धा नाही. असं का?"

मला आमच्या आजोळची म्हैस आठवली. तिचं रेडकू मेलं तेव्हा कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं केलं होतं. ती चाटायची, पान्हा सोडायची. मग एके दिवशी तिला कळलं. तिने ते शिंगावर घेऊन भिरकावलं. पुढच्या वेताला पुन्हा तसंच केलं तर तिने जवळही येऊ दिलं नाही. लांबूनच फुसफुसली. एकदा फसली ती फसली.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे अंगाला ओळख असते म्हणता? आणि आठवणही?"

मी म्हटलं, छे हो, म्हशीला डोकं असतं. रक्ताला कुठलं डोकं? उगाच बोलून गेलो. चांगल्या डॉक्टरच्या डोक्यात ढोरांच्या गोष्टी भरवू नयेत.

पौष वद्य १

चंद्रभानने आपली मांडी दिली. "अर्धांग म्हनतेत नव्हं? मंग काढा की." धुरपताबाईंनीही लुगडं सावरत आपला सुरकुतलेला हात पुढे केला होता. "माझं घ्या. तिच्यामुळंच ऱ्हायलंय हे कातडं." डॉक्टरांनी म्हातारीला परत बसवलं.

या घरात माया आहे. म्हातारीची जीभ वाईट, पण सुनेच्या खाटेपासून हलत नाही. वेणी घालते, घास भरवते, आणि भरवताना शिव्या देते.

माघ शुद्ध २

चंद्रभानचंही गेलं. शेळीपेक्षा जास्त टिकलं, म्हणून आशाही जास्त लागली होती. माणसाचं माणसाला, तेही नवऱ्याचं, आणि तिच्या अंगाने ते सोडून दिलं.

नर्मदा आज बोलली नाही. बापूचंही विचारलं नाही. दंड माझ्या दोन बोटांत मावेल एवढा झालाय. ऊन तापायला लागलंय. डॉक्टर दिवसभर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. त्यांना काही सुचत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

माघ शुद्ध ४

हे कसं लिहू? कावेरी समोर बसून हसते आहे.

सकाळी अंगणात गेलो. बुगडीच्या दोन्ही कुशी भरून आल्यात, केस उगवू लागलेत. ती बाई तिला कोंडा देत होती. मी म्हटलं, "आता शेळी घेऊन जा तू घरी. काही उपयोग झाला नाही. नवऱ्याचंही धरलं नाही. पोरगी काही राहत नाही."

तिच्या हातातलं टोपलं खाली पडलं.

"माझं घ्या, साहेब."

"तुझं? तू कोण लागून गेलीस?"

तिने पदर मागे टाकला. आणि माझ्या अंगणात नर्मदा उभी होती. तेच नाक, तीच हनुवटी, डाव्या भुवईतला तोच भोवरा. न भाजलेली, धडधाकट, कोंड्याने हात माखलेली नर्मदा. मी खरोखरच दोन पावलं मागे सरलो आणि बुगडीच्या दाव्यात अडकून पडलो.

दगडाबाई नाव. नर्मदेची जुळी बहीण. आई बाळंतपणात गेल्यावर दोघींना एकाच शेळीने वाढवलं. लग्नानंतर वर्षातच हिचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. पुढे नर्मदेला मुलगा झाला, तेव्हा ही कुंची शिवून बारशाला ताडकळसला गेली. धुरपताबाईंनी तिला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. पांढऱ्या कपाळाची बाई पाळण्याला नको.

"कुंची तरी घेतली का?" मी काहीतरीच विचारलं.

"न्हाई. बुगडीच्या करडाला घातली मंग."

एवढे दिवस ती दवाखान्याच्या आत पाऊल टाकू शकत नव्हती, म्हणून माझ्या चिंचेखाली बसली होती. चंद्रभानला माहीत होतं, पण आईपुढे बोलायची छाती नव्हती. कावेरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. आणि तुम्हाला दिसत होतीच की रोज."

मी सगळ्या परभणी तालुक्याची जनावरं तोंडावरून ओळखतो. अमक्याचा बैल, तमक्याची गाय. आणि हिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

माघ शुद्ध ५

अपेक्षेप्रमाणे आकांत झाला. धुरपताबाई उठून खाटेला आडव्या झाल्या. "शेळीचं लावलं, काई म्हनले न्हाई. पर रांडाव बाईचं कातडं माझ्या सवाष्ण सुनंच्या अंगाला? माझ्या लेकाच्या जिवावर उठलाव का तुमी?"

डॉक्टरांनी समजावलं. मी समजावलं. चंद्रभान जमिनीकडे बघत उभा. दगडाबाई दाराबाहेर, भिंतीला टेकून, सगळं ऐकत.

मग नर्मदा बोलली. आवाज इतका बारीक की आम्हाला वाकावं लागलं.

"आत्याबाई, त्या दिशी तुमाला पाठीवर घेतलं, तवा इचारलं का मी, तुमच्यामुळं माझं बरं व्हतंय का वाईट व्हतंय?"

म्हातारी थांबली.

"दगडाचं लावा. न्हाईतर कुनाचंच लावू नका आता. मला घरी न्या."

मग धुरपताबाई खाटेची कड धरून बाजूला झाल्या, काठी शोधली आणि बाहेर निघाल्या. दारात दगडाबाईसमोर एक क्षण उभ्या राहिल्या. अंग चोरून निघून गेल्या. पण वाट मोकळी झाली.

त्या पोरीच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, आपण एवढे शिकलो, सनदा भिंतीवर टांगल्या, पण वेळ आल्यावर असं एक वाक्य आपल्याला सुचलं असतं का?

माघ शुद्ध ७. रथसप्तमी.

लावलं. दगडाबाईच्या मांड्यांचं घ्यायचं म्हणून मी बाहेर, कावेरी आत. कावेरीला रक्त बघून घेरी येते. भाजी चिरताना बोट कापलं तरी मला हाक मारते. आज ती सबंध वेळ दगडाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर म्हणाले, दोघींपैकी कुणीही हूं की चूं केलं नाही.

घरी आली आणि मग चिंचेखाली ओकली. मी पाणी दिलं. मला माझ्या बायकोचा फार अभिमान वाटला आणि तो मी तिला सांगितला. ती म्हणाली, "आधी बुगडीला पाणी दाखवा, सकाळपासून ओरडतेय."

माघ पौर्णिमा

गुलाबी आहे. पण गुलाबी आम्ही आधीही पाहिलं आहे. कुणी आंबील वाटली नाही.

धुरपताबाई खाटेशी परत आल्या आहेत. दगडाबाई शेजारच्या खाटेवर. म्हातारी तिच्याशी बोलत नाही, पण दोन भाकऱ्या आणते आणि एक मधल्या स्टुलावर ठेवते. स्टूल कुणाचंच नाही, म्हणून भाकरीही कुणी दिली असं होत नाही.

माघ वद्य १०

शेळीचं ज्या सुमाराला जांभळं पडलं होतं, तो सुमार गेला. चंद्रभानचं सुटलं तोही गेला. कडा सपाट. डॉक्टर रोज पट्टी उघडताना आधी डोळे मिटतात. ते मी पाहतो, हे त्यांना माहीत नाही.

फाल्गुन पौर्णिमा. होळी.

टिकलं. आता 'बहुतेक' लिहीत नाही, टिकलं. काही ठिकाणी बहिणीचं कातडं कुठे संपलं आणि हिचं कुठे सुरू झालं, तेही ओळखू येत नाही. फळी काढली. नर्मदेने हात कोपरात वाकवला, पहिल्यांदा बोटभर, मग अर्धा, मग तो तोंडापर्यंत गेला. तिने आपल्या हाताने घास खाल्ला आणि दिनकररावांनी खिडकीकडे तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. मी मुळीच लपवलं नाही. ढसाढसा रडलो.

डॉक्टरांसारखा माणूस मी पाहिला नाही. तीनदा हरला आणि चौथ्यांदा तेवढ्याच काळजीने वस्तरा धुतला. या मुलखात त्यांचं नाव कोण घेणार? म्हणून इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी होळीपुढे उभे असताना आमचा वाद झाला. ते म्हणतात, दोघी एका गर्भातल्या, इतक्या सारख्या की तिच्या अंगाला हे परकं वाटलंच नसेल. जुळेपणातच काही तरी आहे. मी म्हटलं, डॉक्टर, जुळी करडं मी शेकड्यांनी सोडवली आहेत. एक काळं, एक पांढरं, एक बोकड, एक पाट. एका पोटातली म्हणून सारखी कुठे असतात? जुळेपणात काही नाही. मला विचाराल तर हे दुधाचं आहे. बुगडीचं स्वतःचं कातडं काही झालं तरी जनावराचं, म्हणून नाही धरलं. पण त्याच दुधावर वाढलेल्या माणसाचं धरलं. म्हातारी शेवटी बरोबर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या त्या म्हशीची गोष्ट मला अजून झोपू देत नाही." मी म्हटलं, म्हशीला सोडा आता. जनावरांच्या बाबतीत माझं ऐकावं, एवढं तरी त्यांना कळायला हवं.

चैत्र शुद्ध १, शके १८६०. पाडवा.

आज नर्मदेला ताडकळसला पोचवलं. तिच्या गाडीत डॉक्टर, चंद्रभान आणि धुरपताबाई. मागच्या गाडीत मी, कावेरी, दगडाबाई आणि बुगडी. बुगडीने वाटेत माझ्या उपरण्याचं एक टोक खाल्लं.

वाटेत दगडाबाई म्हणाली, "साहेब, मला येशीपाशीच उतरवा. मी तितूनच पाथरीकडं जाते." कावेरीने गाडीवानाला सांगितलं, "थांबवू नका हो." तो थांबला नाही.

दारात गुढी उभी होती. माजघराच्या भिंती अजून काळ्याच. नर्मदा उतरून उंबऱ्यापाशी उभी राहिली. कुणी तरी बापूला कडेवर आणलं, त्याने आईला ओळखलं नाही, रडायला लागला, आणि मग तिने उजव्या हाताने त्याची पाठ थोपटली. त्याच हाताने.

धुरपताबाई काठी टेकत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आजारातून उठून आलेल्या माणसावरून उतरवून टाकायचा. त्यांनी तुकडा नर्मदेवरून एकदा फिरवला आणि थांबल्या. सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या. त्या हातावरून त्यांनी आपला अंगठा फिरवला, दंडापासून मनगटापर्यंत, जणू त्यात कुठे सांधा सापडतोय का ते पाहत होत्या.

दगडाबाई लांब, आमच्या गाडीच्या चाकाशी उभी होती. पदर पुन्हा नाकापर्यंत. बारशाच्या दिवशी बहुधा तिथेच उभी असेल.

"ए दगडे," म्हातारी ओरडली.

ती हलली नाही.

"कान फुटले का गं? इकडं ये. अर्धी आत अन् अर्धी भाईर, असं कुठं ऱ्हातंय का माणूस?"

नर्मदेने हात पुढे केला. दगडाबाई आली. म्हातारीने तिला ढकलूनच नर्मदेच्या शेजारी उभं केलं, खांद्याला खांदा. तिचा पदर स्वतःच्या हाताने मागे सारला. दोन सारख्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. मला वाटतं, खाटा शेजारी असूनही तीही दगडाबाईच्या तोंडाकडे आजच पहिल्यांदा पाहत होती. मग तिने तोच एक तुकडा दोघींवरून मिळून उतरवला, दोघींच्या पायांवर पाणी घातलं, आणि शिव्यांतली एकही शिवी तिला आठवेना. नुसती रडत होती.

"बारशाच्या दिशी परत धाडलं तुला," एवढंच म्हणाली. "या हातानं."

दगडाबाईने तिचे दोन्ही हात धरले. मग दोघी बहिणी मिळून म्हातारीला दोन्हीकडून आधार देत उंबऱ्याच्या आत घेऊन गेल्या.

भाकरतुकडा दूर फेकलेला होता. त्याला कुणी शिवत नाही, इडापिडा असते त्यात. बुगडीला ते कोण सांगणार? तिने दावं सोडवून घेतलं होतं. मचमच करत सगळा खाल्ला. मी तिला हाकलायला धावलो.

आतून धुरपताबाईंचा आवाज आला, "खाऊ द्या हो सलोतरीसाहेब. तिचाबी वाटा हाय त्यात."